क्रूझवरचे रोजचे साडेअठरा डॉलर: पाहुणचाराचं बक्षीस की पगाराची भरपाई?

क्रूझचं बुकिंग करताना केबिनचं भाडं आणि बंदरांचे कर सगळे बघतात. ‘ग्रॅच्युइटी’च्या, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी आपोआप लागणाऱ्या टिपच्या, ओळीकडे मात्र लक्ष जातं ते शेवटच्या रात्री, खात्याचा कागद हातात पडल्यावर. हे परीक्षण त्या एका ओळीचं आहे. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा दर नोव्हेंबर २०२४ पासून माणशी रोज १८.५० डॉलर आहे आणि मोठ्या स्वीटसाठी २१ डॉलर. तिथे मुलांनाही सवलत नाही, तान्ह्या बाळाचेही तेवढेच लागतात. चौघांचं कुटुंब सात रात्री गेलं तर ५१८ डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ४४ हजारांच्या वर. २०१८ मध्ये हाच दर १४.५० होता. नॉर्वेजियन ही दुसरी कंपनी त्याहून महाग आहे: साध्या केबिनला २० आणि ‘हेवन’सारख्या स्वीटला २५ डॉलर. फक्त तीन वर्षांखालच्या मुलांना ते वगळतात.

एवढे पैसे मोजल्यावर ते नेमके कोणाच्या पदरात पडतात, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. उत्तर पूर्ण मिळत नाही, आणि या सेवेतली आमची सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे.

हे पैसे तुमच्या वेटरला किंवा केबिन अटेंडंटला थेट मिळत नाहीत. ते एका सामायिक पुंजीत जातात. डायनिंग, हाउसकीपिंग आणि तुम्हाला कधीच न दिसणारी खालच्या डेकवरची मंडळी, म्हणजे लाँड्री, गॅलीतली (जहाजाच्या स्वयंपाकघरातली) भांडी घासणारे, बुफेची रिकामी ताटं उचलणारे, अशा हॉटेल विभागातल्या लोकांत ती पुंजी वाटली जाते. कोणाला किती, हे हुद्द्यावर ठरतं. हेड वेटरचा वाटा वेगळा, असिस्टंट वेटरचा वेगळा. कॅप्टन, अधिकारी, इंजिनरूम, गायक-नर्तक यांचा या पुंजीशी सहसा संबंध नसतो. बारचा हिशेब वेगळा असतो: प्रत्येक पेयावर १८ ते २० टक्के आपोआप लागतात, पॅकेज घेतलं असेल तर पॅकेजच्या किमतीवरच. स्पा बहुतेक जहाजांवर बाहेरच्या कंपनीकडे चालवायला दिलेला असतो. तिथल्या बिलावरची टिप वरच्या पुंजीत येत नाही.

नॉर्वेजियनने एक गोष्ट मात्र कागदावर उघड लिहिली आहे: सर्व्हिस चार्जचा (ग्रॅच्युइटीला त्यांनी दिलेलं नाव) काही भाग सगळ्या ताफ्यातल्या कर्मचाऱ्यांच्या कल्याणकारी उपक्रमांवर खर्च होतो. म्हणजे वीस डॉलर दिले तर वीसच्या वीस कोणाच्या पगारात गेले असं समजू नका. किती टक्के, ते ते सांगत नाहीत. तरी निदान ‘काही भाग’ एवढं लिहिलं, त्याचे गुण द्यायला हवेत.

खरी मेख पगाराच्या रचनेत आहे, आणि टिपबद्दलचे वाद बहुतेक तिथवर पोचतच नाहीत.

हॉटेल विभागातल्या माणसाचं कंत्राट ढोबळमानाने दोन प्रकारचं असतं. पहिल्यात छोटा मूळ पगार आणि वर पुंजीतला वाटा. वाटा वाढला की कमाई वाढते, घटला की घटते. दुसऱ्यात महिन्याला ठरावीक रकमेची हमी असते. टिप्समधून तेवढी रक्कम जमली तर कंपनी वेगळं काही देत नाही. कमी पडली तर फरक कंपनी भरते. हमीपेक्षा जास्त जमलं तर वरचे पैसे कर्मचाऱ्याचे.

आकडे मांडून बघू. हे आकडे कुठल्याही एका जहाजाचे नाहीत, गणित समजावं म्हणून घेतलेले आहेत. तीन हजार प्रवासी, माणशी १८.५०, म्हणजे दिवसाला ५५,५०० डॉलर. महिन्याचे १६ लाख ६५ हजार. वाटेकरी ९०० आणि सगळ्यांना समान वाटा असं धरलं तर प्रत्येकी १,८५० डॉलर. आता दर दहातल्या एका प्रवाशाने काउंटरवर जाऊन ग्रॅच्युइटी काढून टाकली. वाटा १,६६५ वर आला. म्हणजे १८५ डॉलर कमी, आपल्या हिशेबात महिन्याला साधारण पावणेसोळा हजार रुपये.

हा फटका कोणाला बसतो, ते हमीवर अवलंबून आहे. हमी १,५०० ची असेल तर पूर्ण १८५ डॉलर कर्मचाऱ्याच्या खिशातून जातात. हमी १,८०० ची असेल तर त्याला १,८०० मिळतातच. त्याचे ५० बुडतात आणि १३५ कंपनी भरते. हमी २,००० ची असेल तर त्याला दोन्ही वेळा दोन हजारच मिळतात, आधी कंपनी १५० भरत होती, आता ३३५ भरते.

आता उलट बाजू. दर १८ वरून १८.५० झाला. आमच्या काल्पनिक जहाजावर प्रत्येकाचा वाटा महिन्याला ५० डॉलरने वाढतो. पहिल्या प्रकारच्या कंत्राटात, किंवा हमी कमी असेल तर, ते पन्नास डॉलर त्या माणसाचे. पण हमी २,००० ची असेल तर त्याला एक सेंटही जास्त मिळत नाही. फक्त कंपनीला भरावा लागणारा फरक पन्नासने कमी होतो. दरवाढीच्या पत्रकात ‘आमच्या मेहनती सहकाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं असतं. ते खरं की खोटं हे हमीचा आकडा कळल्याशिवाय बाहेरून कोणालाच सांगता येणार नाही. तो आकडा ना प्रवाशाला दिसतो ना पत्रकात येतो.

अशी रचना कायद्यात बसते कशी? मोठी जहाजं फिरतात अमेरिकेतून, पण त्यांचा झेंडा बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांचा असतो. परदेशी झेंड्याच्या जहाजांवरच्या खलाशांना अमेरिकेचा किमान वेतनाचा आणि ओव्हरटाइमचा कायदा लागू नाही. हवाईत फिरणारं नॉर्वेजियनचं ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हा अपवाद आहे. त्यावर अमेरिकेचा झेंडा आहे, म्हणून कर्मचारी मुख्यतः अमेरिकी आणि कामगार कायदाही तिथलाच. त्याच कंपनीची बाकीची जहाजं त्या कायद्याबाहेर.

बाकी सगळीकडे आधार आहे तो सागरी श्रम करार, २००६ चा. तो ऑगस्ट २०१३ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती हवी, असं म्हटलंय. वजाबाकी केली तर आठवड्याचे ९१ तास काम नियमात बसतं. आठवड्याची सुट्टी नाही, सहा ते नऊ महिन्यांचं कंत्राट, मग दीड-दोन महिने घरी, तेही बहुधा बिनपगारी. किमान वेतनाचा जो आंतरराष्ट्रीय आकडा ठरतो (२०२५ साठी महिना ६७३ डॉलर मूळ वेतन) तो एबल सीफेअररसाठीचा, म्हणजे डेकवरच्या अनुभवी खलाशासाठीचा आहे, आणि तोही शिफारस म्हणून. मूळ वेतनाच्या व्याख्येत बोनस आणि इतर जादा मोबदला धरलेला नाही. पण तो आकडाच हॉटेल विभागासाठी नाही आणि बंधनकारकही नाही; टिपच्या पुंजीने पगार भरून काढण्याला जागा मिळते ती इथेच.

जुन्या पद्धतीत शेवटच्या रात्री प्रवासी वेटर, त्याचा मदतनीस आणि केबिन अटेंडंट यांना वेगवेगळी पाकिटं देत. रोज तेच टेबल आणि तोच वेटर असल्यामुळे ते जमत होतं. २००० साली नॉर्वेजियनने ‘फ्रीस्टाइल’ आणलं, कुठेही कधीही जेवा, आणि ठरलेला वेटर ही गोष्टच संपली. पाकीट कोणाला द्यायचं? तिथून आपोआप आकारणी सुरू झाली. रॉयल कॅरिबियनने ती २०१३ मध्ये सगळ्यांना लागू केली. पाकिटांच्या आठवणी काढून हळहळणारे प्रवासी भेटतात, पण पाकिटांत न्याय होता असं आम्हाला वाटत नाही. भांडी घासणाऱ्याला कधी कोणी पाकीट दिलं नाही. शिवाय वरच्याने खालच्याला किती द्यायचं, यावरून जहाजावर सतत धुसफूस चाले. सेलिब्रिटी क्रूझेसच्या केबिन अटेंडंटांनी तर आपल्या टिपमधून मदतनीसांना पैसे द्यायला लावतात म्हणून अमेरिकेत दावा केला होता. त्यांच्या कंत्राटात लवादाचं कलम होतं, म्हणून २००७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना लवादाकडे जायला सांगितलं. नोकरीच्या कागदावर सही करताना हे कलम वाचतं कोण?

सध्याच्या पद्धतीत काय बिघडतं, तेही बघा.

पहिलं म्हणजे ग्रॅच्युइटी काढून टाकून ‘मी माझ्या माणसाला रोख देतो’ म्हणणारे. हेतू चांगला असतो, परिणाम फसवा. बऱ्याच कंपन्यांत नियम असा आहे की प्रवाशाने आपोआपची आकारणी काढली असेल, तर त्याने दिलेली रोख कर्मचाऱ्याने पुंजीत जमा करायची. कोणत्या केबिनने आकारणी काढली ते कार्यालयाला ठाऊक असतं. म्हणजे तुम्ही शंभर डॉलरची नोट हातावर टेकवली तर तो माणूस एकतर ती जमा करतो किंवा नियम मोडून नोकरी पणाला लावतो. आकारणी तशीच ठेवून वर दिलेली रोख मात्र त्याची स्वतःची, तिला कोणी हात लावत नाही.

दुसरं, कामाचा बोजा वाढला तरी दर कामाशी जोडलेला नाही. पूर्वी केबिन दिवसातून दोनदा आवरली जायची. महामारीनंतर रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियनने साध्या केबिनसाठी ते एकदावर आणलं. प्रवाशाला सेवा निम्मी झाली, दर वाढला. अटेंडंटचं काम निम्मं झालं का? नाही, त्याच्या वाट्याच्या केबिन वाढल्या. शेवटच्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊला जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे आत येतात. मधल्या तीन-चार तासांत एवढ्या सगळ्या केबिनच्या चादरी, संडास, मिनीबार उरकायचे. चार जणांची केबिन असेल तर वरचे बर्थ आणि सोफा-बेड बंद करून पुन्हा मांडायचे. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाची ग्रॅच्युइटी पुंजीत सगळ्यांची होते, कष्ट मात्र त्या एकाचे. मुलांसह चौघं एका केबिनमध्ये राहत असाल तर वरची रोख याच माणसाला द्या.

तिसरं, हंगाम. ख्रिसमस आणि अमेरिकी शाळांच्या सुट्टीत जहाज भरून वाहतं आणि पुंजी फुगते. जहाज एका समुद्रातून दुसऱ्यात नेण्याच्या फेरीत केबिन रिकाम्या राहिल्या की आटते. ड्रायडॉकला, म्हणजे जहाज दुरुस्तीसाठी गोदीत असताना, प्रवासीच नसतात. त्या दोन-तीन आठवड्यांत रंगाचा वास आणि मूळ पगार, एवढंच. मार्च २०२० मध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या तेव्हा टिपवर उभा असलेला पगार किती तकलादू आहे, हे गोव्यापासून मनिलापर्यंत घरोघरी कळलं.

चौथं, शेरे. उतरल्यावर येणाऱ्या सर्व्हेत नाव घेऊन लिहिलेलं कौतुक बढतीला, चांगला सेक्शन मिळायला आणि पुढच्या कंत्राटाला उपयोगी पडतं. पण गुणांवर थेट पैसे टांगले की गोष्ट बिघडते. २०१२ मध्ये ब्रिटनच्या पीअँडओ क्रूझेसने टिपच्या जागी प्रवाशांच्या गुणांवर बोनस द्यायचं ठरवलं. तासाला ७५ पेन्सच्या मूळ वेतनाची बातमीही त्याच वेळी तिथल्या वर्तमानपत्रांत गाजली. या कंपनीच्या जहाजांवर भारतीय, त्यातही मुंबई-गोव्याकडची माणसं मोठ्या संख्येने आहेत. २०१९ पासून पीअँडओने ब्रिटिश प्रवाशांसाठी रोजची आकारणी बंद करून ती भाड्यातच घातली. प्रवासी म्हणून हे आम्हाला सगळ्यात सुटसुटीत वाटतं: एक आकडा, काउंटरवर वाद नाही, काढून टाकायचा प्रश्नच नाही. कर्मचाऱ्याच्या बाजूने एक खोट राहते. भाड्यातला किती भाग त्याचा, हे आता ओळ म्हणूनसुद्धा दिसत नाही. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांसाठी टीप: तिथे विकल्या जाणाऱ्या आणि तिथूनच सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या फेऱ्यांत ग्रॅच्युइटी भाड्यातच असते, पुन्हा वेगळी भरू नका. सीबॉर्न, रीजंट, सिल्व्हरसी या आलिशान क्रूझ कंपन्यांच्या भाड्यातही ती असते, पण ती भाडीच वेगळ्या जगातली.

मग जाणाऱ्याने करायचं काय? आकारणी तशीच राहू द्या. ती काढल्याने कंपनीला धडा मिळतो ही समजूत वरच्या गणितात टिकत नाही. बहुतेक वेळा धडा मिळतो तो भांडी घासणाऱ्याला. बुकिंगच्या वेळीच आगाऊ भरलीत तर पुढची दरवाढ टळते, आणि खर्च दोन महिन्यांत विभागला जातो. टूर कंपनीच्या पॅकेजमधून जात असाल तर ‘टिप्स समाविष्ट’ म्हणजे जहाजाची ग्रॅच्युइटी, की फक्त गाइड आणि बसचालकाची, हे लेखी विचारा. दोन्हींची गल्लत नेहमी होते. जहाजावर चढल्या दिवशीच अ‍ॅपमध्ये खातं उघडून आगाऊ भरलेली रक्कम पुन्हा लागलेली नाही ना ते पाहा. चूक असेल तर गेस्ट सर्व्हिसेसला पहिल्या-दुसऱ्या दिवशी जा. शेवटच्या रात्री तिथे तासभर रांग असते, आणि उतरल्यावर ई-मेलवर निस्तरत बसावं लागतं. खात्याला फॉरेक्स कार्ड जोडू नका. जहाज रोज रक्कम अडवून ठेवतं आणि ती सुटायला कित्येक दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या, मात्र परकीय चलनाचं दोन ते साडेतीन टक्के मार्कअप धरून चला.

वरची रोख किती? आमच्या मते सात रात्रींसाठी केबिन अटेंडंटला २० ते ४० डॉलर, जेवणाच्या टेबलावर खरंच काळजी घेणाऱ्या वेटरला आणि त्याच्या मदतनीसाला मिळून तेवढेच. जैन किंवा बिनकांदा-लसणाचं जेवण रोज वेगळं करून आणणारा असेल तर हात आखडता घेऊ नका. त्यासाठी तो आदल्या रात्री गॅलीत जाऊन सांगतो, आणि हे त्याच्या ड्युटीच्या वेळेत मोजलं जाईलच असं नाही. खोलीत जेवण आणणाऱ्याला दर खेपेला दोन-तीन डॉलर. नोटा पाच आणि दहाच्या, कोऱ्या. फाटलेल्या किंवा शाईने आकडे लिहिलेल्या डॉलरच्या नोटा आशियातले मनी चेंजर परत करतात. नाणी आणि रुपये देऊ नका. गोव्याच्या पोराला रुपये चालतील, इंडोनेशियाच्या मुलीला त्यांचा काही उपयोग नाही. मायामीसारख्या बंदरात बॅगा उचलणारे पोर्टर जहाजाचे नसतात, त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर वेगळे. मेत्र-डीला (डायनिंग हॉलच्या प्रमुखाला) पाकीट देण्याची प्रथा आता सोडली तरी चालेल.

गुण द्यायचे झाले तर रॉयल कॅरिबियनच्या पद्धतीला वापरातल्या सोयीसाठी दहापैकी आठ, पारदर्शकतेसाठी तीन. नॉर्वेजियनला सोयीसाठी सात, दर जास्त असून किती भाग कुठे जातो ते न सांगितल्याबद्दल पारदर्शकतेत चार, तेही ‘काही भाग’ लिहिल्यामुळे. पीअँडओच्या भाड्यातल्या पद्धतीला सोयीसाठी नऊ.

गोवा, वसई, रत्नागिरीकडून बोटीवर जायच्या तयारीत असलेल्यांसाठी चार गोष्टी. ‘महिना दीड हजार डॉलर’ असं एजंट सांगतो तेव्हा त्यातला मूळ पगार किती, हमी किती आणि ‘टिप्स धरून अंदाजे’ किती, हे कंत्राटात आकड्यांत बघा. हमी पूर्ण कंत्राटभर आहे की फक्त प्रवासी असलेल्या दिवसांची, ड्रायडॉकमध्ये काय, आजारी पडून केबिनमध्ये राहिलात तर पुंजीतला वाटा चालू राहतो का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. नोकरी लावण्याचे पैसे घेणं बेकायदा आहे. सागरी श्रम करारानुसार पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि कायद्याने लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च तुमचा, पण व्हिसाचा खर्च मालकाचा. अमेरिकेचा जहाज कर्मचाऱ्यांसाठीचा सी-वन/डी व्हिसा त्यात आला. आणि करासाठी: आर्थिक वर्षात भारतातलं वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी भरलं तर अनिवासी म्हणून परदेशी जहाजावरचा पगार एनआरई खात्यात आला तरी त्यावर इथे कर लागत नाही, असं प्राप्तिकर खात्याच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. सहा महिन्यांचं कंत्राट या सीमारेषेवर अडकतं. सात-आठ दिवस कमी पडले तर वर्षाची कमाई हिशेबात येते. म्हणून साइन-ऑनची, म्हणजे जहाजावर रुजू होण्याची तारीख ठरवतानाच कॅलेंडर समोर ठेवा, आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या आणि सीडीसीतल्या नोंदींच्या झेरॉक्स घरी ठेवून जा.